चार डोळ्यांची गाडी

“सूनबाईंनी रिव्हर्स टाकला आणि आम्ही आडवे,” आबा सांगत होते. “गुरांची डॉक्टर ती. तिला वाटलं असेल, मागं एखादा हेला उभा आहे. दिला हाकलून.”

पोर्चमध्ये खुर्च्या टाकून बसलेले तिघंचौघं हसले. आबांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि समोरच्या स्टुलावर उशी ठेवून त्यावर टेकवला होता. मी फाटकाशी बॅग घेऊन उभी होते, पण अजून कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नव्हतं. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“डॉक्टर, जपून,” खुर्चीवरच्या एकानं पाय आखडून घेतले. “चहा आणताना तरी हॉर्न देत चला.”

पुन्हा सगळे हसले. ताईही हसली. माझी मेधाताई, जिनं अर्ध्या तालुक्यातल्या म्हशी बाळंत केल्या होत्या, ती त्या माणसाच्या हातात कप देत हसली. मी फाटक मुद्दाम जोरात सरकवलं. पत्र्याचं होतं, चांगलंच वाजलं.

“ही वृषा,” आबांनी ओळख करून दिली. “सूनबाईंची धाकटी बहीण. फिजिक्स शिकलीय पुण्याला. गाडीला डोळे बसवले ते हिच्याच अकलेनं. चांगले चार बसवले. एकालासुद्धा मी दिसलो नाही.”

मी ताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

“हसलीस कशाला?”

“मग काय करू? रोज नवी माणसं येतात, रोज तीच गोष्ट. हेला काल आला गोष्टीत. परवापर्यंत नुसता ‘अडथळा’ होता.”

“गाडीची किल्ली कुठंय?”

“यांच्या खिशात.” तिनं सांडशी ओट्यावर ठेवली. “उद्या संध्याकाळी गाडी न्यायला येणार आहेत. लोणंदचे कुणीतरी. ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“घरानं.”

फलटणजवळच्या त्या गावात ताईचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. दूध संघानं तिला आसपासची गावं नेमून दिली होती. कुणाच्या गाईला ताप आला, कुणाची म्हैस अडली, की ताईला फोन यायचा आणि ताई निघायची. तिच्या त्या जुन्या गाडीच्या डिकीत गमबूट, दोर, औषधांच्या पेट्या आणि कृत्रिम रेतनासाठीचं नायट्रोजनचं जड भांडं असायचं. ते घेऊन स्कूटरवर जाता येत नाही, आणि आडरानातल्या वस्तीवर एसटी जात नाही. गाडी गेली की संघ ती गावं दुसऱ्या डॉक्टरला देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईनं मग दाजींच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसून पशुखाद्याच्या गोणी विकायच्या, असंही ठरलं होतं. तेही घरानंच ठरवलं होतं.

“नीट सांग,” मी म्हणाले. “पहिल्यापासून.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच ती लसीकरणाच्या कामावर गेली होती, संघाच्या जीपमधून, थेट माणच्या बाजूला. कोजागिरी झाल्यावर परतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. ताईनं फोन स्पीकरवर ठेवला, त्याला काय करायचं नाही ते सांगत गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला.

आबा गाडीच्या मागे होते. ते नेहमीच असायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर बस मागे घेण्यात गेली होती. घरातली गाडी पोर्चमधून निघाली की ते हातातलं काम टाकून मागे येऊन उभे राहायचे आणि डिकीवर थाप मारत म्हणायचे, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे.” कुणी नको म्हटलं तरी. त्या दिवशी नेमकी त्यांची चप्पल निसटली. ते ती घालायला खाली वाकले आणि आरशातून दिसेनासे झाले.

“आणि सेन्सर?”

“वाजला नाही.”

“वाजला नाही, की तू ऐकला नाहीस?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. “आता तूही?” एवढंच म्हणाली आणि कुकरचं झाकण लावायला लागली.

दाजी दुकानातून जेवायला आले. मकरंद दाजी तसे मवाळ, गोड बोलणारे. त्या दिवशी मला ते अजिबात सहन होत नव्हते.

“तुझ्या ताईच्या भल्याचंच आहे गं,” वरणात भात कालवत ते म्हणाले. “रोजची ती धावपळ. फोन एकीकडे, गाडी एकीकडे. आज आबांच्या पायावर निभावलं. उद्या रस्त्यात एखादं पोर असेल.”

“सेन्सर वाजला नाही म्हणते ती.”

“आता सेन्सरवर ढकलून कसं चालेल? तूच निवडलेला ना तो?”

मीच निवडला होता, आणि तो निवडताना याच दाजींशी मी साताऱ्याच्या दुकानात तासभर वाद घातला होता. दुकानदारानं आमच्यासमोर तीन प्रकार मांडले होते. दाजींना आवडली होती ती पट्टी. ती बंपरच्या आतून चिकटवतात, बाहेरून काही दिसत नाही, गाडीला भोक पाडावं लागत नाही. “भोकं पाडलेली गाडी पुढं घेणार कोण?” हे त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, ती पट्टी गाडी हलत असेल तेव्हाच बोलते. गाडी थांबली की मागे माणूस चिकटून उभा असला तरी ती गप्प. आणि या घरात गाडीच्या मागे माणूस हमखास उभा असतो. दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. पण कॅमेऱ्यासाठी पडद्याकडे बघावं लागतं, आणि ताईचे डोळे आरशात हवेत. शिवाय तिच्या गाडीचं मागचं अंग रोज चिखलानं माखलेलं, त्यात कॅमेऱ्याला काय दिसणार? तिसरा प्रकार या चार डोळ्यांचा. बंपरमध्ये बसवलेल्या चार गोल चकत्या. त्या माणसाला ऐकू न येणारा आवाज फेकतात, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि त्यावरून अंतर काढतात. वस्तू जवळ आली की बझर भराभर वाजतो. फारच जवळ आली की सलग. गाडी थांबलेली असली तरी यांना मागचं कळतं. चिखल यांच्यावरही बसतो, पण फडकं फिरवलं की काम झालं. बारीक सळई यांना दिसत नाही, जाड लोकरीचं कापड आवाज गिळतं, हेही मी तेव्हाच सांगितलं होतं. दुकानदार मला म्हणाला, “ताई, तुम्ही इथंच कामाला या.” दाजी फक्त म्हणाले, “पाडा भोकं.”

“मला तपासायचाय तो,” मी ताटावरून म्हणाले. “आत्ता.”

“तपास की. मी कुठं नाही म्हणतोय?” दाजींनी खिशातून किल्ली काढली, पण माझ्या हातात दिली नाही. “गाडीत मी बसतो. तू सांगशील तसा रिव्हर्स टाकतो.”

ते इतक्या सहज तयार झाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाहुणे गेले होते. आबा पोर्चमध्ये तसेच बसून बघत होते. ताईचं सामान, ते भांडं आणि पेट्या, पोर्चच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली रचून ठेवलं होतं. मी चारही डोळे पुसून घेतले. चिखल फारसा नव्हताच. दाजींनी इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला, ब्रेकवर पाय ठेवला आणि मी मागे बादली ठेवली.

बझर वाजला.

बादली सरकवत जवळ आणली. भराभर वाजला. अगदी जवळ आणली, सलग सूर लागला. मग मी एका स्टुलावर आबांची घोंगडी टाकून ते मागे ठेवलं. त्या सकाळी गारवा होता, आबांनी घोंगडी पांघरली असेल आणि तिनं आवाज गिळला असेल, असं माझ्या डोक्यात होतं.

“घोंगडी नव्हती माझ्या अंगावर,” आबा खुर्चीतून म्हणाले. “बनियन होतं.”

घोंगडीलाही तो वाजला. थोडा उशिरा, पण वाजला. शेवटी मी स्वतः आबांसारखी वाकून उभी राहिले, आधी मध्यावर, मग डाव्या कोपऱ्याला, मग उजव्या. बझर इतका कोकलत होता की शेजारच्या बाई गच्चीवरून डोकावल्या.

दाजींनी इंजिन बंद केलं. “झालं समाधान?”

“काय म्हणतंय तुमचं शास्त्र?” आबांनी विचारलं.

“वाजतोय, आबा.”

“वाजतोय ना? मग झालं तर.”

ताई दारात उभी होती. ती आत गेली. दाजींनी किल्ली खिशात टाकली आणि दुकानाला निघून गेले.

त्यानंतर मी ताईवर चिडले. इतकी चिडले की तिच्या मागे मागे खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

“खरं काय ते एकदा सांग मला. तुझं लक्ष फोनवर होतं, हो की नाही?”

“होतं.”

“मग?”

“वृषा, एका हातानं पोटातलं वासरू चाचपताना मला मागच्या गोठ्यातली गाय खोकलेली कळते. रोज करते मी ते. फोन होता, लक्ष होतं आणि आवाज नव्हता. आवाज नव्हता म्हणजे मागे काही नाही, असंच धरून मी वर्षभर गाडी चालवली. त्या दिवशीही तेच धरलं.” ती पलंगावर बसली. “तुला पटत नसेल तर तूही बाहेर जाऊन बस. एक खुर्ची रिकामी आहे.”

मी बाहेर आले. खुर्चीत मात्र बसले नाही.

प्रयोगशाळेत एकाच यंत्रानं दोन वेगळी उत्तरं दिली की आमचे सर दोन्हींपैकी एकालाही खोटं म्हणू द्यायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, मध्ये काय बदललं? ताई म्हणते वाजला नाही. मी ऐकलं, वाजतो. दोन्ही खरं असेल तर त्या सकाळपासून आजच्या दुपारपर्यंत कुणीतरी काहीतरी बदललं होतं.

डोळ्यांवर फिरवायचं फडकं काढायला मी डिकी उघडली होती, तिला अजून कुलूप नव्हतं. डिकीच्या डाव्या कडेला, प्लास्टिकच्या अस्तराआड सेन्सरची छोटी डबी असते. चारही डोळ्यांच्या वायरी तिथं येतात आणि तिथूनच एक वायर बझरला जाते. मी अस्तर बाजूला केलं. सगळ्या पिना जागच्या जागी. एकेक हलवून पाहिली, पक्क्या होत्या. या पिनेला खटका असतो. तो नखानं दाबल्याशिवाय ती निघत नाही, खड्ड्यांनी तर नाहीच नाही. डोळ्यांच्या चारही पिनांवर वर्षभराची धूळ बसली होती. बझरच्या पिनेवर ती नव्हती.

मी खटका दाबून ती पिन काढली.

आत, पिन आणि खाच यांच्यामध्ये, झेंडूची एक पाकळी दाबून बसली होती. चपटी झालेली, कडेला वाळलेली, पण अजून केशरी.

मी ती तळहातावर घेऊन उभी राहिले. वर्षापूर्वी साताऱ्याच्या दुकानात लावलेल्या पिनेत या वर्षीच्या झेंडूची पाकळी जाऊ शकत नाही. मधल्या काळात ती पिन निघालेली होती. नुसती निघून लगेच परत बसलेलीही नाही, कारण पाकळी पडायला खाच उघडी राहावी लागते.

ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणायचे, दोरीवरचे कपडे काढायला आल्या.

“मावशी, या डिकीत फुलं होती का?”

“निर्माल्य होतं. दसऱ्याच्या माळा. कचऱ्यात कशा टाकायच्या, म्हणून पिशवीत भरून ठेवल्या होत्या. मकरंद नदीला सोडणार होता, पण राहूनच गेलं. पार कोजागिरीपर्यंत पिशवी तिथंच होती. फाटकी मेली, सगळ्या डिकीत पाकळ्या.”

“गाडीची पूजा केली होती?”

“करणार नाही? आबांचा हट्ट, पुढं माळ, मागंही माळ. मेधा नव्हती म्हणून मीच ओवाळलं. पण मागची माळ बांधली आणि मकरंदनं गाडी मागं घ्यायला काढली तर काय कोकलायला लागली गं ती. माळ हलली की ओरडायची. आबा संतापले. म्हणाले, सणाच्या दिवशी हा कावळा गप्प कर आधी. मग मकरंदनं मागं वाकून काहीतरी उपटलं, तेव्हा कुठं...”

मावशी बोलता बोलता थांबल्या. हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी आधी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग पोर्चमधल्या प्लास्टरच्या पायाकडे.

“परत कधी लावलं, मावशी?”

“ते मला नाही माहीत बाई,” त्या हळू म्हणाल्या आणि कपडे न काढताच आत गेल्या.

मी पिन परत लावली, पाकळी रुमालात ठेवली. ताईला त्या रात्री सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला गप्प बसायला लावलं असतं, अशी भीती वाटली. या घरात सगळे एकमेकांसाठी गप्पच बसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी गाडी देण्यासाठी दुकानातून लवकर आले. गाडीची कागदपत्रं, पिशवी, सगळी तयारी होती. आबा पोर्चमध्ये बसलेले. ताईनं डॅशबोर्डवरची तिची छोटी कंगवा-आरशाची डबी काढून घेतली होती आणि ती हातात धरून उभी होती.

“दाजी,” मी म्हणाले, “बझरची पिन तुम्ही काढली होती?”

“कसली पिन?”

“दसऱ्याला. माळेमुळे वाजत होता तेव्हा.”

“हां, ती. काढली असेल. लगेच लावली.”

मी रुमाल उघडला. “लगेच लावली, तर ही आत कशी गेली?”

“काय आहे ते?” आबांनी मान पुढे केली.

“झेंडूची पाकळी, आबा. पिनेच्या आत सापडली. निर्माल्याची पिशवी डिकीत होती तेव्हा खाच उघडी होती. पिशवी कोजागिरीपर्यंत तिथंच होती. म्हणजे पिन लगेच लावली नव्हती.”

“एका पाकळीवरून कोर्ट भरवतेस काय गं?” आबा हसले. त्यांना वाटलं, बाकीचेही हसतील.

कुणी हसलं नाही.

“विसरलो होतो,” दाजी म्हणाले. “माणूस विसरतो. माळा उतरवल्या, दुकानात सणाची गडबड. गाडी वापरातच नव्हती. राहिलं लावायचं.”

“राहिलं तर राहिलं. विसरण्याचं मी बोलतच नाही. आठवलं केव्हा?”

दाजींनी कागदपत्रांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“काल मी तपासला तेव्हा वाजत होता,” मी म्हणाले. “त्या सकाळी वाजत नव्हता. मध्ये कुणीतरी पिन लावली. तुमच्याशिवाय ती कुठं असते हे या घरात कुणाला माहीत नाही. आणि तुम्ही काल स्वतः गाडीत बसून मला ऐकवलात.”

ताई पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी साधा होता, औषधाची मात्रा सांगतात तसा.

“मी आबांना घेऊन शेजाऱ्यांच्या जीपमधून फलटणला गेले होते. एक्स-रे काढायचा होता. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, गाडी आत लावून, घर बघून येतो. खूप उशिरा आलात. तेव्हा लावलीत.”

दाजींनी कागदपत्रांची पिशवी खुर्चीवर ठेवली.

“दवाखान्यात आलात तेव्हा मी तुम्हाला काय म्हणाले आठवतंय? सेन्सर वाजला नाही हो, असं म्हणाले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. म्हणालात, जाऊ दे, होतं असं.”

“घाबरलो होतो मी, मेधा. आबांचा पाय... आबा काय म्हणतील... मला वाटलं, दोन दिवसांत सगळं निवेल. तुला कोण काय बोलणार?”

“तुम्ही बोललात. लक्ष नसतं म्हणालात. गाडी विकू म्हणालात.”

“मकरंद,” आबांनी हाक मारली. त्या आवाजात बसस्थानक होतं. “त्याच दिवशी लावलीस?”

“आबा, तुम्हीच म्हणाला होता, गप्प कर म्हणून.”

“म्हणालो होतो. दसऱ्याला म्हणालो होतो. मी त्या दिवसाचं विचारतोय. मी तिथं टेबलावर पडून बोंबलत होतो आणि तू इथं वाकून पिन लावत होतास?”

आबांनी स्टुलावरचा पाय उगाच थोडा सरकवला. मला वाटलं, आता ते म्हणतील, घरातली गोष्ट आहे, घरातच ठेवा. त्यांचं तोंड तसं उघडलंही होतं. पण त्यांची नजर ताईवर गेली. ती कंगवा-आरशाची डबी अजून मुठीत धरून उभी होती. आबांनी तोंड मिटलं.

ताईनं हात पुढे केला. “किल्ली.”

दाजींनी दिली.

ती गाडीत बसली, इंजिन सुरू केलं, काच खाली केली. “मागे जाऊन उभे राहा,” ती म्हणाली. “आबा होते तिथं.”

“मेधा, काय हे? तमाशा नको. ते लोणंदचे येतील एवढ्यात.”

“उभे राहा.”

दाजींनी वडिलांकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतोस?” आबा म्हणाले. “जा. मी आरशात दिसत नव्हतो. तूही वाक.”

दाजी मागे गेले. वाकले. मी बाजूला उभी होते आणि मला त्यांची अजिबात कीव आली नाही, हे मी आजही तितक्याच स्पष्टपणे लिहू शकते. फाटकाशी एक मोटारसायकल येऊन थांबली. लोणंदचे गृहस्थ डोक्यावरची टोपी सावरत आत बघत तिथंच उभे राहिले.

ताईनं रिव्हर्स टाकला.

बझर सुटा सुटा वाजू लागला. गाडी इतकी हळू येत होती की चाकाखालचा खडा न् खडा ऐकू येत होता. आवाज जवळ जवळ आला. दाजी मागे सरकले असते, पण आबा बघत होते, म्हणून ते हलले नाहीत. मग सगळे तुटक आवाज एकमेकांत मिसळले आणि सलग सूर लागला. मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. गाडी अजून सरकत होती.

मग थांबली. बंपर आणि दाजींचे गुडघे यांच्यात वीतभर जागा होती.

ताईनं इंजिन बंद केलं नाही. बझर कोकलत राहिला. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वाजला?”

“हो.”

“मोठ्यानं. आबांना ऐकू जाऊ दे.”

“वाजला.”

“त्या दिवशी वाजला असता तर मी इथं थांबले असते. जे जे चहाला आले होते त्या सगळ्यांना हे सांगायचं. तुम्ही सांगायचं. वृषानं नाही, मी नाही.” तिनं गियर काढला. आवाज बंद झाला. “आता माझं सामान डिकीत भरा.”

दाजींनी गोणपाट बाजूला केलं आणि पेट्या उचलायला सुरुवात केली. नायट्रोजनचं भांडं त्यांना एकट्याला जड जात होतं. मी मदतीला पुढे झाले नाही.

लोणंदच्या गृहस्थांनी खाकरून आपण आल्याची जाणीव करून दिली.

“गाडी द्यायची नाही,” आबा त्यांना म्हणाले. “चहा घ्या, आणि रस्त्यात दिवे लावून जा.”

ताई गेली. संघाच्या फोनवर कुठल्यातरी वस्तीवरून दोनदा कॉल येऊन गेला होता, तिकडेच. गाडी फाटकातून मागे निघाली तेव्हा “येऊ दे” कुणीच म्हटलं नाही. आबांचा हात सवयीनं वर झाला होता. त्यांनी तो खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आबा नाहीत. ताईची ती गाडीही गेली, तिनं स्वतःच्या निवडीनं दुसरी घेतली, डोळ्यांचीच. दाजी भले गृहस्थ आहेत, असं सगळे म्हणतात आणि मीही त्यांच्याशी हसून बोलते. दसऱ्याला गाडीला माळ ते फक्त पुढे बांधतात.

मी तिथं राहायला गेले की सकाळी तो आवाज ऐकते. निघताना ताई फाटक आधी उघडत नाही. फाटक बंद ठेवून ती गाडी रिव्हर्स घेते, त्या पत्र्याला बंपर टेकायच्या बेतात आणते आणि सलग सूर लागेपर्यंत थांबते. तो सगळ्या घरात ऐकू जातो. मग ती उतरते, फाटक सरकवते आणि निघून जाते. रोज.

दाजी तेव्हा आत पेपर वाचत असतात. आवाज थांबेपर्यंत ते पान उलटत नाहीत.